लिव्हिंग विल कपाटात, पेशंट आयसीयूत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्यातून एकदा चहा-पोहे असतात. तिथे गेली दोन वर्षं मला लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे पुढे बोलता येणार नाही अशी वेळ आली तर कोणते उपचार हवेत-नकोत हे आधी लिहून ठेवण्याबद्दल, हेच प्रश्न फिरून फिरून विचारले जातायत, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, वकील पण नाही. बँकेत ३१ वर्षं काढली त्यामुळे कागद या गोष्टीचं थोडं वेड आहे, आणि सासऱ्यांच्या वेळी जे झालं त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. तुमच्या पेशंटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, हे आधीच सांगून ठेवते.

लिव्हिंग विल केलंय, नोटरी पण झालंय. आता काळजी मिटली ना?

नाही मिटली, आणि हे मी अनुभवानं सांगतेय.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ८१ वर्षांचे, फुफ्फुसं गेलेली, किडनी निम्मी. नियम सोपे झाल्यावर त्यांनी उत्साहानं लिव्हिंग विल केलं, दोन साक्षीदार, नोटरी, लाल शिक्का, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये ठेवलं, आणि लॉकरची किल्ली होती माझ्या धाकट्या दिरांकडे, जे तेव्हा बंगळुरूला होते. पावसाळ्यातली रात्र, अडीच वाजलेले, अण्णांना श्वास घेता येईना, आम्ही घाबरून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत एक तरुण आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, डोळे तांबारलेले, हातात लॅरिंगोस्कोप, म्हणजे श्वासाची नळी घालताना घसा बघायचं उपकरण. मी म्हटलं, अहो त्यांना मशीन नको होतं, लिहून ठेवलंय त्यांनी. तो म्हणाला, "कागद दाखवा." कागद नव्हता. मग म्हणाला, "मॅडम, फाइलवर ऑर्डर नसेल तर मला नळी टाकावीच लागेल." आणि टाकली.

मला त्याचा राग आला होता, आता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. समोर गुदमरणारा माणूस, हातात काहीही लेखी नाही, नातेवाईक म्हणतायत लिहून ठेवलंय. बँकेत कोणी येऊन म्हणालं की माझ्या वडिलांची इच्छा होती की हे पैसे मला द्या, तर मी दिले असते का?

अण्णा ९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. हात बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. कागद तिसऱ्या दिवशी आला. तेव्हा कळलं की कागद आल्यावरही गाडी लगेच हलत नाही, ते पुढे सांगते.

पण मग लिव्हिंग विल आणि ऑर्डर यात फरक काय?

लिव्हिंग विल म्हणजे तुमची इच्छा, तुम्ही धडधाकट असताना लिहिलेली. ऑर्डर म्हणजे डॉक्टरांनी सही करून फाइलवर लिहिलेली सूचना, जी ड्युटीवरच्या सिस्टरनं आणि आरएमओनं वाचून लगेच पाळायची असते. रात्री अडीचला तुमची इच्छा कोणी वाचत नाही, ऑर्डर वाचतात.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यात पैसे आहेत आणि तुमच्या मनात आहे की दर महिन्याच्या ५ तारखेला सोसायटीचा मेंटेनन्स जावा, पण स्टँडिंग इन्स्ट्रक्शन दिलीच नाही तर कोणता क्लार्क आपणहून पैसे वळते करेल? मनात असणं वेगळं, सिस्टीममध्ये असणं वेगळं. आपल्याकडे सगळी चर्चा, सगळी व्याख्यानं पहिल्या कागदावर थांबतात. दुसऱ्याचं नाव कोणी काढत नाही.

ही ऑर्डर भारतात मिळते का? तिला काय म्हणतात?

मिळते, पण अर्धीमुर्धी. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०२० साली डीएनएआर बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. डीएनएआर म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून, शॉक देऊन परत सुरू करायचा प्रयत्न, म्हणजे सीपीआर, करू नका, अशी सूचना. त्यात फॉर्मचा नमुना पण आहे. ज्यांचा आजार वाढत जाणारा, बरा न होणारा आहे आणि सीपीआर करून हाल वाढण्यापलीकडे काही हाती लागणार नाही, अशांसाठी उपचार करणारे डॉक्टर पेशंटशी बोलून, आणि पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तर घरच्यांशी बोलून, ती लिहितात. पेशंट किंवा घरचे तयार नसतील तर सीपीआर करायचाच. आणि एकदा लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ नाही, तब्येत बदलली की पुन्हा बघायचं.

अर्धीमुर्धी का म्हटलं? एक तर ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, संसदेनं केलेला कायदा नाही. दुसरं म्हणजे ती ऑर्डर त्या हॉस्पिटलच्या त्या फाइलवर असते. डिस्चार्ज झाला, फाइल रेकॉर्ड रूमला गेली, ऑर्डर पण गेली. पुढच्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात की पाटी कोरी. त्यामुळे दर ॲडमिशनला विचारायचं: "डॉक्टर, डीएनएआरचं बोललो होतो ते फाइलवर लिहिलंय का?" आणि तोंडी हो म्हणाले तर बघायला मागायचं. लाजायचं नाही.

डीएनएआर लिहिलं की पेशंटकडे बघणंच बंद करतात असं म्हणतात, खरं का?

असं होऊ नये. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाइन, वेदनेचं औषध, डायलिसिससुद्धा, जे जे ठरलंय ते सगळं चालू राहतं. डीएनएआर फक्त हृदय थांबल्यानंतरच्या त्या काही मिनिटांपुरतं आहे.

पण कुजबुज असते हे खरं. "बेड नंबर ६ डीएनएआर आहे" म्हटलं की काही ठिकाणी सिस्टरची फेरी लांबते, मी पाहिलंय. उपाय एकच, फाइलवर काय नको हे जसं लिहायला लावता तसंच काय हवं हेपण लिहायला लावा. "वेदना आणि धाप यासाठी औषध पूर्ण द्यावं, तोंड ओलं ठेवावं, एक नातेवाईक जवळ बसू द्यावा." हे पण ऑर्डरमध्ये बसतं.

नक्की कशाकशाबद्दल ठरवायचं असतं? आम्हाला तर नुसतं 'मशीन नको' एवढंच माहितीये.

'मशीन नको' हे सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे. अण्णांच्या कागदावर पण साधारण तेच होतं, "कृत्रिम उपायांनी जिवंत ठेवू नये". आता कृत्रिम म्हणजे काय? पेसमेकर कृत्रिम नाही? इन्सुलिन?

ठरवायच्या गोष्टी मी अशा सांगते. हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात, सिनेमात दाखवतात तसं चार धक्क्यांत डोळे उघडून "मी कुठे आहे" असं कोणी विचारत नाही. अमेरिकेत तर हॉस्पिटलमध्येच हृदय थांबलेल्या पेशंटपैकी साधारण ४-५ मधला १ जिवंत डिस्चार्ज घेतो, आणि त्यात तरुण, धडधाकट असलेले पण धरलेत, जुना मोठा आजार असेल तर आकडा आणखी खाली.

मग श्वासाची नळी. इथे तीन उत्तरं असू शकतात, हो, नाही, किंवा ठरावीक दिवस बघू. हे तिसरं उत्तर लोकांना माहीतच नसतं. न्यूमोनिया झालाय, पाच दिवसांत उतरू शकतो, तर पाच दिवस नळी टाका, नाही उतरला तर काढायचं आधीच ठरवून ठेवा (पेशंट तेव्हा बोलू शकत नसेल तर काढताना बोर्डांची पद्धत पाळावी लागते, ती पुढे सांगते). डॉक्टर असं करतात, आपण विचारत नाही म्हणून बोलणं निघत नाही.

मग आयसीयूत जायचं का वॉर्डातच राहायचं. डायलिसिस. नाकातून जेवणाची नळी. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात जड जातो, कारण 'उपाशी मारलं' हा शब्द कोणाही मुलाला आयुष्यभर पुरतो. पण शरीर बंद होत आलं की भूक आपसूक जाते, तेव्हा जबरदस्तीनं घातलेलं अन्न फुफ्फुसात जायची भीती असते, हे मला पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याकडे बघणाऱ्या, डॉक्टरांनी सासूबाईंच्या वेळी समजावलं तेव्हा कुठे पटलं.

आणि सगळ्यात आधी एक साधा प्रश्न: शेवटचा श्वास कुठे घ्यायला आवडेल, घरी का हॉस्पिटलात?

हे सगळं कायद्यात बसतं का? इच्छामरण तर गुन्हा आहे ना?

इंजेक्शन देऊन मारणं गुन्हाच आहे, आजही. आपण बोलतोय ते उपचार न घेण्याबद्दल, नैसर्गिक मरण लांबवू नये याबद्दल.

याचा भारतातला इतिहास मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या एका वॉर्डातून सुरू होतो. अरुणा शानबाग तिथल्या नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्यानंतर ४० वर्षांच्या वर त्या तिथेच पडून होत्या, केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, आणि मे २०१५ मध्ये न्यूमोनियानं गेल्या. त्यांच्यासाठी पिंकी विराणी यांनी केलेली याचिका सुप्रीम कोर्टानं मार्च २०११ मध्ये फेटाळली, पण त्याच निकालात हायकोर्टाच्या परवानगीनं जीवरक्षक उपचार थांबवायची वाट पहिल्यांदा उघडली. मग कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ ला घटनापीठानं सांगितलं की सन्मानानं मरणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि लिव्हिंग विल चालेल.

पण पद्धत अशी किचकट घातली की कोणाच्यानं होईना, न्यायदंडाधिकाऱ्यांची सही, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं बोर्ड, २० वर्षं अनुभव असलेले डॉक्टर. आयसीयूवाल्या डॉक्टरांची संघटनाच मग कोर्टात गेली की हे चालत नाहीये, आणि २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानं ते सोपं केलं.

मग आता लिव्हिंग विल करायचं कसं?

वय १८ च्या वर, डोकं ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही. लेखी करायचं. दोन साक्षीदारांसमोर सही, शक्यतो बाहेरचे, म्हणजे ज्यांना तुमच्या फ्लॅटमध्ये रस नाही असे. मग नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर साक्षांकन. तुमच्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त चालतात. त्यांना आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांना एकेक कॉपी. स्टॅम्प पेपर हवाच असं कोर्टानं कुठे म्हटलेलं नाही, नोटरीनं मागितला तर देऊन टाका, वाद घालण्यात दुपार जाते.

नाव कोणाचं घालायचं यावर मात्र वेळ घालवा. सगळ्यात लाडका मुलगा घालू नका. जो फोन उचलतो, गावात असतो आणि जो डॉक्टरांसमोर रडून सगळं करा सगळं करा म्हणणार नाही, तो घाला. आमच्या संघातल्या एका काकूंनी दोन मुलगे सोडून सुनेचं नाव घातलं, घरात आठ दिवस अबोला होता, पण निवड अचूक.

कस्टोडियन म्हणजे कोण? महापालिकेत विचारलं तर कोणाला काहीच माहिती नाही.

एक कॉपी स्थानिक संस्थेच्या, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जायची असते, हॉस्पिटलला खरंखोटं तपासता यावं म्हणून. निकाल लागला तरी असा अधिकारी नेमलेलाच नव्हता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, ते द्यायला कोणी जागेवर नाही म्हणून मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे महाराष्ट्रात ठिकठिकाणी कस्टोडियन नेमले गेले. मुंबईत हे काम वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. गोव्यात मे २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात केली, हे मला फार आवडलं, स्वतः सही करून दाखवणं.

खिडकीवरच्या माणसाला माहिती नसेल तर आरोग्य विभागात लेखी अर्जासोबत कॉपी द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच म्हणजे पोच, त्यावर तारीख असते.

कागद हॉस्पिटलला दिला. आता ते लगेच मशीन काढतील?

नाही, आणि अण्णांच्या वेळी आमचं इथेच अडलं.

पेशंट स्वतः शुद्धीत आणि समजत्या स्थितीत असेल तर तो स्वतःच नको म्हणू शकतो, त्याला लिव्हिंग विल लागत नाही. लिव्हिंग विल तेव्हा लागतं जेव्हा तो बोलू शकत नाही आणि बरं व्हायची आशा नाही. मग हॉस्पिटल प्रायमरी बोर्ड बसवतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान ५ वर्षं अनुभव असलेले आणखी दोन. त्यांनी हो म्हटलं की सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या बोर्डात नसलेले दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. तुम्ही नाव घातलेल्या माणसाची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटलनं न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. परवानगी मागायची नाही, कळवायचं. बोर्डानं नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं.

कागदावर हे चार-पाच दिवसांचं काम. आमच्या हॉस्पिटलात पहिलं बोर्ड बसलं, दुसऱ्यासाठी सरकारी नेमणुकीचा डॉक्टर कोण हे शोधण्यात फोनाफोनी चालू होती, ॲडमिनचा माणूस बिचारा मलाच विचारत होता की मॅडम तुम्हाला कोणी ओळखीचं आहे का, आणि नवव्या दिवशी सकाळी अण्णा गेले, मशीनवरच.

म्हणून मी म्हणते की मशीन लावल्यावर काढण्यापेक्षा लावायच्या आधी ऑर्डर लिहून घेणं शंभर पटीनं सोपं. आजार मोठा आहे हे कळलं की त्या दिवशीच, ओपीडीत, शुद्धीत असताना, पेशंटनं स्वतः डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायचं.

माझा मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे एकच गुलाबी कागद असतो, फ्रिजवर लावायचा. ते काय आहे?

त्याला पोल्स्ट म्हणतात, आणि बरोबर जी फट आपल्याकडे आहे तीच बुजवायला तो निघाला. ओरेगॉन राज्यात १९९१ च्या सुमारास डॉक्टर आणि नर्सेसच्या लक्षात आलं की पेशंटनी लिव्हिंग विल केलेली असतात पण ती तिजोरीत, आणि ॲम्ब्युलन्सवाले येऊन छाती दाबतातच. म्हणजे आमच्या अण्णांची गोष्ट, फक्त तीस वर्षं आधी. त्यांनी इच्छेलाच ऑर्डरचं रूप दिलं. एका चकचकीत गुलाबी कागदावर सीपीआर हवा की नको, आणि उपचार किती, म्हणजे सगळं, मधलं, की फक्त आराम. खाली डॉक्टरांची सही. तो कागद पेशंटबरोबर फिरतो, घरून ॲम्ब्युलन्समध्ये, तिथून हॉस्पिटलात, तिथून नर्सिंग होमला, आणि जिथे जाईल तिथे ती ऑर्डरच असते. २००९ मध्ये ओरेगॉननं त्याची रजिस्ट्री पण केली, कागद हरवला तरी फोन करून कळतं. आता बहुतेक राज्यांत असं काही ना काही आहे, नावं थोडी वेगळी, न्यूयॉर्कमध्ये मोल्स्ट म्हणतात.

तो पाळला जातो का? ओरेगॉनमध्ये २०१० आणि २०११ साली नैसर्गिक कारणानं गेलेल्या सुमारे ५८,००० लोकांच्या नोंदी तपासल्या, तर 'फक्त आराम' अशी ऑर्डर असलेल्यांपैकी हॉस्पिटलात मृत्यू झालेले ६.४ टक्के, आणि 'सगळे उपचार' लिहिलेल्यांपैकी ४४.२ टक्के. म्हणजे ज्याला जे हवं होतं त्याच्या आसपास झालं. सगळे उपचार हवेत असंही लिहिता येतं हे लक्षात घ्या, हा नको-नकोचा कागद नाही.

पण तो सगळ्यांसाठी नाही. साठीतल्या, रोज पर्वती चढणाऱ्या माणसानं तो भरायचा नाही, त्याला लिव्हिंग विल पुरे. हा पुढे गेलेल्या आजारात किंवा फार थकलेल्या वयात. आणि तिकडेही रडगाणी आहेत, नर्सिंग होममध्ये भरती होताना दहा फॉर्मच्या गठ्ठ्यात हाही सरकवतात आणि बोलणं न होता खुणा होतात. मग तो कागदही आपल्या 'कन्सेंट फॉर्म'सारखाच, वाचल्याशिवाय सही केलेला.

आम्ही सहा-सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीला असतो. इथलं लिव्हिंग विल तिकडे चालेल?

त्यावर विसंबू नका. कागद घेऊन जा, इच्छा काय होती याचा पुरावा म्हणून उपयोग होईल, पण तिकडच्या पॅरामेडिकला ऑर्डर लागते, आणि ती तिथल्या डॉक्टरांनी सही केलेली. आजार पुढे गेलेला असेल तर तिकडे पोचल्यावर पहिल्या अपॉइंटमेंटलाच पोल्स्टचं विचारा. उलटपण तेच, तिकडचा पोल्स्टचा कागद पुण्याच्या कॅज्युअल्टीत ऑर्डर म्हणून चालणार नाही.

शेवटचा श्वास घरीच घ्यायचं ठरवलंय. पण ऐनवेळी कोणी १०८ ला फोन केला तर?

तर ते येतील आणि त्यांचं काम करतील. आपल्याकडे ॲम्ब्युलन्सच्या टीमनं बघून थांबावं असा सगळीकडे मानला जाणारा एकच फॉर्म नाही. म्हणून फोन कोणाला करायचा हे आधी ठरवा आणि भिंतीवर लिहा. सासूबाईंच्या वेळी आम्ही फ्रिजवर एक पान लावलं होतं: आजाराचं नाव, फॅमिली डॉक्टरांचं डीएनएआरचं पत्र, पॅलिएटिव्ह टीमच्या सिस्टरचा नंबर, आणि खाली माझ्या नवऱ्याच्या अक्षरात मोठ्यानं लिहिलेलं, "धाप लागली तर: खिडकी उघडा, पंखा, उशी उंच, ठरलेलं औषध, मग फोन." रात्री सांभाळायला येणाऱ्या बाईला ते वाचता येतं का तेही आम्ही एकदा वाचून घेतलं.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला लागतो, फॉर्म ४अ, तो त्या आजारात पेशंटला बघणारा डॉक्टर देतो. कोणी बघतच नसेल तर ऐनवेळी दारोदार फिरावं लागतं. तेव्हा घरी येणारा एक डॉक्टर आधीपासून हवाच.

आम्ही सरळ डामा घेऊन घरी आणलं तर? सगळे तसंच करतात.

करतात, माहितीये. डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशी सही. नाइलाजाची पळवाट आहे ती. त्यात पेशंट घरी येतो, पण बरोबर वेदनेचं औषध येत नाही, काय करायचं हे सांगणारं कोणी येत नाही, आणि जबाबदारी सगळी तुमच्या सहीवर. तळमळत गेलेले पेशंट आणि आयुष्यभर स्वतःला दोष देणारी मुलं मी याच मार्गानं झालेली पाहिलीयेत. डामाची सही करण्याआधी एकदा पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना बोलवा असं म्हणा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र कॅन्सरच्या पेशंटना मोफत बघतं.

वडिलांना डिमेन्शिया आहे. आता त्यांच्या नावानं लिव्हिंग विल करू का?

तुम्ही नाही करू शकत. ते ज्याचं त्यानं, समजत असताना करायचं असतं. सुरुवातीचा टप्पा असेल आणि डॉक्टर म्हणत असतील की त्यांना कळतंय, तर आजच करा, पुढच्या दिवाळीला नाही. वेळ गेली असेल तर घरच्यांच्या संमतीनं तीच दोन बोर्डांची वाट आहे. आणि डीएनएआर बद्दल डॉक्टर तुमच्याशी बोलू शकतात. वडील आधी काय काय म्हणायचे ते सगळे भावंडं बसून लिहून काढा, कोणाच्या आजारपणात काय बोलले होते, "त्या जोश्यासारखं मला ठेवू नका" वगैरे. तेवढंच धरून बोलता येतं.

मानसिक आरोग्य कायद्यातलं ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह म्हणजे हेच का?

नाही. २०१७ च्या त्या कायद्यातलं मानसिक आजाराच्या उपचारांपुरतं आहे. लिव्हिंग विललाही ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह म्हणतात, नाव तेच असल्यामुळे नोटरी पण गोंधळतात.

मत बदललं तर?

बदला. कधीही, लेखी. दोन कागद निघाले तर नंतरच्या तारखेचा धरतात. जुन्या कॉप्या मात्र परत गोळा करून फाडा.

मुलं विषयच काढू देत नाहीत. "अशुभ बोलू नकोस" म्हणतात.

सासूबाई यात माझ्या गुरू. त्यांनी कोणाशी चर्चाच केली नाही. अण्णांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले होते, जेवणं झाली, विडे झाले, आणि त्या म्हणाल्या, "ह्यांचे हात बांधले होते तसे माझे बांधायचे नाहीत. कोण सही करतंय?" कोणाला बोलायला जागाच ठेवली नाही. माझ्या नवऱ्यानं केली.

डॉक्टरच लिहायला तयार नाहीत, "बघू वेळ आली की" म्हणतात.

हे सर्रास आहे. त्यांना कोर्टकचेरीची भीती असते, शिवाय आत्ताच आशा सोडली असं पेशंटला वाटेल हीपण. प्रश्न वेगळा विचारून बघा: "डॉक्टर, एका वर्षात हे गेले तर तुम्हाला आश्चर्य वाटेल का?" हा प्रश्न त्यांच्याच पुस्तकातला आहे. नाही म्हणाले की लगेच पुढचं, "मग आज लिहूया." तरी नाही म्हणाले तर दुसरं मत घ्या, यातही दुसरं मत घेता येतं.

कागद ठेवायचा कुठे?

लॉकर सोडून कुठेही. आमच्याकडे आता एक फ्रिजवर, एक हॉस्पिटलच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, आणि फोटो घरातल्या पाचही जणांच्या मोबाइलमध्ये. फोटो खऱ्या कागदाची जागा घेत नाही, पण रात्री अडीचला दाखवायला काहीतरी असतं.

नोटरी किती घेतो?

आमच्यावाल्यानं तीन कॉप्यांचे ५०० घेतले, आणि सही झाल्यावर स्वतःसाठी एक नमुना झेरॉक्स मागून घेतला.